घरोघरी असावा मुलांचा उंचीपट

चिकूचे कलम लावल्यानंतर शेतकरी त्याच्याकडे वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. खिरणीच्या खुंटावर बांधलेला जोड नीट सांधला की नाही, नवी पालवी केव्हा आली, शेजारच्या ओळीतील कलमापेक्षा हे मागे का राहिले, ह्याचा हिशेब त्याच्या मनात पक्का असतो. किनाऱ्यावरील मच्छीमाराचेही तसेच. जाळ्याचा आस सर्वत्र सारखा आहे किंवा नाही, हे तो बोटांनी चाचपून सांगू शकतो. परंतु त्याच घरातील तीन वर्षांच्या मुलीची उंची गेल्या वाढदिवसाला किती होती, असे विचारल्यास बहुधा उत्तर मिळते, "वाढते आहे की! फ्रॉक आखूड झाला." फ्रॉक आखूड होणे ही वाढीची खूण खरीच, पण वाढ वयाच्या मानाने पुरेशी झाली की नाही, हे फ्रॉकावरून कळत नाही.

हे कळावे म्हणून घरच्या घरी करता येण्याजोगे एक साधे साधन आहे. जाडसर सुती कापडाच्या पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा भरतकामाने काढावयाच्या, तीवर मुलाचे नाव व जन्मतारीख टाके घालून लिहावयाची आणि ती पट्टी भिंतीवर टांगून ठराविक दिवशी मुलाची उंची मोजावयाची. ह्या पट्टीला आपण उंचीपट म्हणू. पालघर जिल्ह्यातील धाकटी डहाणूसारख्या मासेमारीच्या गावी पावसाळ्यात समुद्र बंद असताना, किंवा आतल्या पाड्यांवर आवणी उरकल्यानंतर थोडी उसंत मिळते. तेवढ्या फावल्या वेळात हे काम सहज उरकते. गोधडीला धावदोरा घालता येणाऱ्या कोणाही भगिनीला ते अवघड वाटू नये.

अंगणवाडीच्या मुलखातील साधन

डहाणू तालुक्याला अशा घरगुती साधनांची जुनी परंपरा आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्या कार्यात त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. शहरातील बालमंदिरांत वापरली जाणारी महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंपासून शिक्षणाची साधने करण्यात आली. मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शिक्षिकेनेच त्यांच्या अंगणात जावे, ह्या विचारातून तेथे अंगणवाडी आकाराला आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला.

आज अंगणवाडीत मुलांची वजने व उंची नियमाने घेतली जातात. २०२१ पासून ह्या नोंदी पोषण ट्रॅकर ह्या भ्रमणध्वनीवरील प्रणालीत भरल्या जातात. माता व बाल संरक्षण पत्रकातही वाढीचा आलेख असतो. ही व्यवस्था अत्यंत उपयुक्त आहे. तथापि जी नोंद यंत्रात राहते किंवा जे पत्रक ट्रंकेच्या तळाशी जाते, ते आईच्या नजरेसमोर रोज नसते. भिंतीवरचा पट मात्र येता-जाता दिसतो, आजीला दिसतो, मुलालाही दिसतो. अंगणवाडीच्या नोंदीची जागा घेणे हा उंचीपटाचा हेतू नव्हे. त्या नोंदीचा अर्थ घरात कळावा, एवढेच त्याचे काम आहे.

मुलांची वाढ मोजून ठेवण्याची सुरुवात एका घरातच झाली, हे येथे सांगण्यासारखे आहे. फ्रान्समधील मोंबेयार ह्या गृहस्थाने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची वरचेवर मोजून नोंदली. एकाच मुलाच्या वाढीची जन्मापासून तारुण्यापर्यंतची ही पहिली ज्ञात नोंद होय आणि ती आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. विसाव्या शतकात डेव्हिड मोर्ले ह्या ब्रिटिश डॉक्टरांनी पश्चिम नायजेरियातील इमेसी गावी काम करताना मुलांच्या वाढीचा एक आलेख तयार केला. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या स्वाधीन केला जाई. मुलाची वाढ सर्वांत आधी आईला दिसली पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. आपला उंचीपट त्याच वाटेने जाणारा आहे.

कापडाचीच पट्टी का?

पुष्कळ घरांत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने किंवा कोळशाने मुलांची उंची मांडण्याची हौस असते. ती चांगलीच आहे; पण सणासुदीला रंग देताना खुणा पुसल्या जातात. शिवाय ह्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा अन्यत्र कामासाठी जातात. घराची चौकट बरोबर नेता येत नाही. कापडी पट मात्र गुंडाळून बोचक्यात ठेवता येतो आणि जेथे मुक्काम पडेल तेथे टांगता येतो. नेमक्या ह्याच स्थलांतराच्या महिन्यांत मुलांच्या खाण्यापिण्याची आबाळ होते व अंगणवाडीशी संबंध तुटतो. म्हणून ह्या कुटुंबांना उंचीपटाची गरज अधिक आहे.

साहित्य

९० सेंटिमीटर पन्ह्याचे जाड मांजरपाट किंवा दोसुती दीड मीटर, भरतकामाचा सहा पदरी दोरा, काळा किंवा गडद निळा एक लडी आणि तांबडा, हिरवा व आवडीचे आणखी दोन रंग, सुई, टाचण्या, टोकदार पेन्सिल, काटकोनी गुण्या, सुताराकडे असते तशी पोलादी टेप, पटाच्या वर व खाली घालण्यासाठी बांबूच्या दोन हलक्या कामट्या, आणि सुतळी. शिंप्याची कापडी टेप वापरू नये. वापरून वापरून ती ताणली जाते व तिची चूक आपल्या पटात उतरते.

कापड प्रथम धुतलेच पाहिजे. कोरे मांजरपाट पाण्यात पडले की आकसते. ते रात्रभर पाण्यात भिजत घालावे, दुसऱ्या दिवशी धुऊन वाळवावे, पुन्हा एकदा धुवावे आणि मग इस्त्री करावी. ही पायरी गाळल्यास काय होते ते पाहा. समजा, भरतकाम झालेला पट पहिल्याच धुण्यात शंभर सेंटिमीटरला तीन सेंटिमीटर आकसला. त्यावरची ६० ची खूण अचूक जागी ठेवली, तरी प्रत्यक्ष ९५ सेंटिमीटर उंचीचे मूल त्या पटावर ९६ च्याही किंचित वर भरेल. म्हणजे आकसलेला पट मुलाला खोटी उंची देतो. ज्या मुलाकडे लक्ष देण्याची गरज आहे, त्याच्याविषयी आपण निर्धास्त राहतो. असा पट असण्यापेक्षा नसलेला बरा.

आखणी

इस्त्री केलेल्या कापडातून १३० सेंटिमीटर लांब व २४ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या काढाव्यात. एक दर्शनी भागासाठी व दुसरी अस्तरासाठी. पट्टीची लांबी कापडाच्या काठाला समांतर असावी. तिरपे, म्हणजे उरेब कापलेले कापड टांगल्यावर ओघळते व लांबते. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर दुमड धरली की तयार पट २० सेंटिमीटर रुंद होईल.

ह्या पटावर शून्यापासून खुणा करण्याचे कारण नाही. दोन वर्षांखालील मुलाची लांबी त्याला निजवून मोजावयाची असते व ती अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रातच नीट मोजता येते. उभे करून मोजणे दोन वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते. म्हणून आपला पट ६० पासून १६० सेंटिमीटरपर्यंत असावा. पट्टीच्या खालच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर एक रेघ मारावी. ही ६० ची खूण. तेथून बरोबर १०० सेंटिमीटर वर १६० ची खूण येईल. खालच्या व वरच्या कडेला पाच-पाच सेंटिमीटर दुमडून कामटीसाठी नेफा करावा. वर उरलेल्या १५ सेंटिमीटर जागेत नाव व जन्मतारीख येईल.

खुणा करताना एक नियम कटाक्षाने पाळावा. प्रत्येक सेंटिमीटर आधीच्या खुणेपासून मोजू नये. पोलादी टेप ६० च्या रेघेवर लावून कापड जमिनीवर सपाट पसरावे आणि टेप न हलविता सर्व शंभर खुणा एकदम कराव्यात. एकेक सेंटिमीटर पुढे सरकत मोजल्यास पेन्सिलीच्या टोकाइतकी चूक प्रत्येक वेळी भर घालीत जाते आणि शेवटी ती बोटभर होते. रेघा गुण्याने काटकोनात ओढाव्यात. साध्या सेंटिमीटरची रेघ २ सेंटिमीटर लांब, पाचाची ३ आणि दहाची ५ सेंटिमीटर लांब ठेवावी.

भरतकाम

रेघांसाठी उलटी टीप उत्तम. सुई पुढे काढून मागे टोचत गेल्याने रेघ सलग व बारीक येते. सहा पदरांपैकी दोनच पदर घ्यावेत. टाक्याची वरची कड हीच खूण, असे एकदा ठरवून घ्यावे; कारण दोऱ्यालाही जाडी असते. दहा-दहाचे आकडे साखळी टाक्याने मोठे काढावेत, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते सरावाने ओळखता येतील.

टाका फार ओढू नये. ओढल्यास कापडाला चुण्या पडतात व पटाची लांबी कमी होते. भरतकामाची रिंग लावली तर काम थांबविताना ती काढून ठेवावी. सर्व रेघा झाल्यावर कापड उलट्या बाजूने किंचित ओलसर करून इस्त्री करावी व पोलादी टेपने ६० ते १६० हे अंतर पुन्हा मोजावे. ते शंभर सेंटिमीटर भरले पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरांचा फरक ओल्या इस्त्रीने सरळ होतो. त्याहून अधिक असेल तर ओढलेले टाके उसवून पुन्हा घालावेत. तांबड्या दोऱ्याचा रंग सुटतो किंवा नाही, हे ओल्या पांढऱ्या चिंधीवर दोरा घासून आधीच पाहावे.

शोभेसाठी दूर जावयास नको. धाकटी डहाणूच्या घरी पायथ्याशी शिडाची होडी आणि दर दहा सेंटिमीटरला एक मासळी शोभेल. तळाशी बोंबील, वर पापलेट, त्याहून वर घोळ, अशी मुलाबरोबर मासळीही मोठी होत जावी. चिकूच्या वाडीत राहणाऱ्यांनी पाने व फळे काढावीत. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा त्याला ह्या पटावर मान आहेच. वारली पाड्यांवर तर नक्षीचा प्रश्नच नाही. दोन त्रिकोण व एक वर्तुळ एवढ्यात माणूस उभा राहतो आणि तो उलट्या टिपेने सुरेख उतरतो. ह्याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांनी ही कला जगभर नेली व २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नचौक मात्र विधीचा भाग आहे. तो शोभेसाठी उचलू नये. नाचणारी माणसे, झाडे, पक्षी, कोंबड्या ह्यांना कोणाची ना नाही.

वरच्या जागेत नाव, जन्मतारीख, जन्मवेळेची लांबी व वजन बारीक टाक्याने लिहावे. हे आकडे पत्रकावरून पाहून घ्यावेत, आठवणीने लिहू नयेत. भरतकाम संपल्यावर अस्तर जोडून कडा शिवाव्यात. अस्तर व दर्शनी कापड ह्यांना मधून गोधडीसारखा दाट धावदोरा घालू नये, त्यानेही पट आखडतो.

टांगण्याची पद्धत

कारवीच्या कुडाची भिंत सरळ नसते. तेथे दाराच्या चौकटीचा खांब किंवा उभी फळी निवडावी. जमीन सारवलेली व उंचसखल असेल, तर मुलाला उभे करण्यासाठी एक सपाट लाकडी पाट ठेवावा आणि दर वेळी तोच घ्यावा. मग पोलादी टेप पाटाच्या पृष्ठभागावर टेकवून वर धरावी. पटावरील ६० ची खूण टेपवरील ६० शी व १०० ची खूण १०० शी जुळली पाहिजे. खिळ्याची सुतळी वरखाली करून ही जुळणी करावी. प्रत्येक मोजणीपूर्वी ही तपासणी करावयाचीच, असा घरचा नियम असावा. वजनदार कांब खाली घातली तर कापड ताणून लांबते व मूल प्रत्यक्षाहून ठेंगणे भरते. म्हणून खालची कामटी हलकीच हवी.

किनाऱ्यावरील खारा वारा व पावसाळ्यातील दमटपणा ह्यांनी कापडाला बुरशी लागते. पावसाळ्याचे चार महिने पट घडी न घालता गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या पेटीत ठेवावा व मोजणीच्या दिवशीच काढावा.

मोजणी कशी करावी?

दिवस ठरलेले असावेत. नारळी पौर्णिमा व होळी हे सण आपल्या लक्षात राहतात. पण तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेच्या मागे-पुढे होते व दोन सणांमधील अंतरही सारखे नसते. म्हणून मुलाचा वाढदिवस आणि त्यानंतर बरोबर सहा महिन्यांचा दिवस, असे दोन दिवस धरावेत. मोजणी सकाळी करावी. दिवसभराच्या चालण्याबसण्याने संध्याकाळी उंची सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत कमी भरू शकते.

मुलाच्या पायांत काही नसावे. मुलीची वेणी, अंबाडा किंवा फणी काढून केस मोकळे करावेत. टाचा, कुल्ले, पाठीचा वरचा भाग व डोक्याची मागची बाजू पटाला टेकलेली असावी. गुडघे सरळ, टाचा जमिनीला व नजर समोर. डोळ्याची खालची कड व कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत आली म्हणजे मान योग्य स्थितीत आहे असे समजावे. एका व्यक्तीने टाचा व गुडघे धरावेत. दुसरीने शाळेची लाकडी चौकटीची पाटी भिंतीला काटकोनात टेकवून डोक्यावर अलगद दाबावी व पाटीच्या खालच्या कडेला पेन्सिलीची खूण करावी. मुलाला बाजूला करून पुन्हा एकदा मोजावे. दोन मोजण्यांत अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फरक असल्यास तिसऱ्यांदा मोजावे.

पेन्सिलीच्या खुणेवर पुढे सवडीने एक फुली टाका घालावा व शेजारी तारीख लिहावी. दोन भावंडांना एकच पट असेल तर प्रत्येकाचा रंग निराळा ठेवावा. हाच आकडा वहीतही टिपून ठेवावा. कारण पट हरवला तरी वही राहते.

तांबडी गाठ व हिरवी गाठ

नुसती उंची कळून काम भागत नाही. ती वयाच्या मानाने कशी आहे, हे समजले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ ह्या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार निकोप मुलांचा अभ्यास केला व २००६ साली बालवाढीची मानके प्रसिद्ध केली. त्यात असे दिसले की, आरोग्य व आहार नीट असेल तर पाच वर्षांपर्यंत ह्या सहाही देशांतील मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढते. "आमच्याकडची मुले मुळातच ठेंगणी" हे पुष्कळदा ऐकू येणारे वाक्य लहान मुलांच्या बाबतीत पुरेसे उत्तर नाही, हा त्याचा अर्थ. २००८ पासून आपल्या अंगणवाड्यांतही हीच मानके स्वीकारण्यात आली.

उंचीपटाच्या एका कडेला, प्रत्येक वाढदिवसासाठी दोन गाठीचे टाके घालावेत. हिरवी गाठ म्हणजे त्या वयाची मध्यम उंची. तांबडी गाठ म्हणजे खालची मर्यादा. निकोप मुलांपैकी शंभरात दोघे-तिघेच तिच्या खाली असतात. गाठीशेजारी वयाचा आकडा घालावा. आकडे सेंटिमीटरमध्ये पुढीलप्रमाणे आहेत.

मुलींसाठी:
२ वर्षे पूर्ण : तांबडी ७९.३, हिरवी ८५.७
३ वर्षे पूर्ण : तांबडी ८७.४, हिरवी ९५.१
४ वर्षे पूर्ण : तांबडी ९४.१, हिरवी १०२.७
५ वर्षे पूर्ण : तांबडी ९९.९, हिरवी १०९.४

मुलांसाठी:
२ वर्षे पूर्ण : तांबडी ८१.०, हिरवी ८७.१
३ वर्षे पूर्ण : तांबडी ८८.७, हिरवी ९६.१
४ वर्षे पूर्ण : तांबडी ९४.९, हिरवी १०३.३
५ वर्षे पूर्ण : तांबडी १००.७, हिरवी ११०.०

आता ह्या गाठींचा उपयोग पाहू. समजा, एका मुलीची उंची दुसऱ्या वाढदिवशी ८१ सेंटिमीटर भरली. ती तांबड्या गाठीच्या वर आहे. आईला समाधान वाटले. वर्षभरात मुलगी ६ सेंटिमीटर वाढली व तिसऱ्या वाढदिवशी ८७ भरली. फ्रॉक आखूड झाला, घरात कौतुक झाले. परंतु पटावर पाहिले तर ह्या वर्षी ती तांबड्या गाठीच्या खाली गेलेली दिसते. कारण त्या वर्षात मध्यम उंचीची मुलगी ९.४ सेंटिमीटर वाढते. ही केवळ ६ वाढली. मूल वाढत आहे आणि तरीही मागे पडत आहे, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, फ्रॉकाला दिसत नाही, पटावरील दोन टाक्यांतून मात्र स्पष्ट दिसते. आणि हाच पट न धुतलेल्या कापडाचा व मागाहून तीन टक्के आकसलेला असता, तर हीच मुलगी गाठीच्या वर भरली असती व कोणाला काही कळलेही नसते. कापड आधी दोनदा धुण्याचा आग्रह आम्ही का धरला, ते ह्यावरून ध्यानात येईल.

पाच वर्षांनंतर गाठींऐवजी वर्षाची वाढ पाहावी. त्या वयापासून पौगंडावस्था सुरू होईपर्यंत मूल सर्वसाधारणपणे वर्षाला पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. चार सेंटिमीटरांहून कमी वाढ झाल्यास डॉक्टरांना दाखवावे.

तांबड्या गाठीखाली गेल्यास काय करावे?

प्रथम घाबरू नये व मुलाला दोष देऊ नये. अंगणवाडीत जाऊन उंची पुन्हा मोजून घ्यावी, कारण घरच्या मोजणीत चूक असू शकते. वजनही करून घ्यावे. पुन्हा तोच आकडा आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करवावी. वारंवार होणारी हगवण, जंत, दीर्घकाळचा खोकला-ताप ह्यांनीही वाढ खुंटते. अशा वेळी केवळ जेवण वाढवून भागत नाही.

आहारात भाताबरोबर डाळ, अंडे, मासळी, हिरव्या पालेभाज्या, शेवग्याची पाने, नाचणी, केळे ह्यांचा समावेश असावा. लहान मुलाचे पोट लहान असते. त्याला दिवसातून अनेकदा थोडे थोडे द्यावे व घासात तेल किंवा तूप घालावे. किनाऱ्यावरील घरांत सुकी मासळी वर्षभर असते. ती पाण्यात भिजवून मीठ काढून, काटे वेचून, भाताबरोबर कुसकरून मुलाला द्यावी. चांगली मासळी सगळी बाजाराला आणि घरातल्या मुलाला नुसता भात, असे होऊ नये. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना, तसेच सात महिने ते सहा वर्षांच्या बालकांना अमृत आहार योजनेचा लाभ मिळू शकतो. त्याविषयी अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करावी.

येथे उंचीपटाची मर्यादाही सांगितली पाहिजे. उंची हा महिनोन्महिन्यांच्या पोषणाचा हिशेब आहे. आठ-पंधरा दिवसांच्या आजाराने मूल झडले, तर ते वजनात दिसते, उंचीत दिसत नाही. उंची चांगली असलेले मूलही तीव्र कुपोषित असू शकते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर क्षणाचाही विलंब न लावता त्याला आरोग्य केंद्रात न्यावे. दरमहा अंगणवाडीत वजन करणे भिंतीवर पट आहे म्हणून टाळू नये. आणखी एक गोष्ट. वाढ खुंटण्याची सुरुवात बहुतेक वेळा गरोदरपणात व पहिल्या दोन वर्षांत होते. पटावरील तांबडी गाठ पाहून थोरल्यासाठी जे करावयाचे ते करावेच. पण घरात पाळणा हलणार असेल तर त्या मातेच्या ताटाकडेही त्याच दिवसापासून पाहावे.

मुलीलाही स्वतंत्र पट हवा

शेवटी एक विनंती. पट मुलाचा झाला आणि मुलीचा राहिला, असे होऊ नये. ज्याची उंची मोजली जाते, त्याच्या ताटाकडे लक्ष जाते, हा साधा व्यवहार आहे. दोघांच्या पटावरील गाठी निराळ्या आहेत, त्या त्यांनाच लावाव्यात. भावाची उंची दाखवून बहिणीला हिणवू नये आणि शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. ह्या पटावर प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच मागच्या टाक्याशी असते.

एक पट करण्यास रोज तासाभराच्या कामाने दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतर वर्षातून दोनदा, दोन टाके. मूल मोठे होऊन घराबाहेर पडेल तेव्हा त्याच्या लहानपणाची ही पट्टी आईच्या पेटीत राहील. तोवर तिने आपले काम करावे: वर्षातून दोन सकाळी घरातील मोठ्यांना मुलासमोर नीट उभे करावे, आणि हे मूल खरोखर वाढते आहे का, हा प्रश्न त्यांना आकड्यात विचारावा.